ॲस्टेरियासची रोपं झाकण काढलं की माना टाकतात, कलमं तिसऱ्या दिवशी सुटतात. नेमकं चुकतंय काय? (सांगली)

विश्रामबाग_गच्ची

नमस्कार मंडळी. ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास या लहान गोल कॅक्टसचं बी पेरलंय आणि त्यातल्या काही रोपांची कलमंही केलीत. दोन्हीकडे नुकसान चाललंय. कारण सापडावं म्हणून जे केलं ते मापासकट लिहितो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ५० बिया पेरल्या. माध्यम निम्मं कोकोपीट, निम्मी बारीक नदीची वाळू. हॉटेलच्या पार्सलचा पारदर्शक डबा, तळाला भोकं नाहीत. पाणी बोअरचं. चौथ्या दिवशी उगवण सुरू झाली, दहा दिवसांत ३८ रोपं. डबा पूर्वेच्या खिडकीत होता. चौथ्या आठवड्यात ८ रोपं कलमाला घेतली. पाचव्या आठवड्यात रोपं ज्वारीच्या दाण्याएवढी दिसायला लागली म्हणून झाकण काढलं, आणि पुढच्या सहा दिवसांत १२ गेली. मातीलगतची मान काचेसारखी पारदर्शक होते, रोप आडवं पडतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे नुसता ओला डाग उरतो. उरलेल्या १८ पैकी पाच-सहा विटकरी लाल झालीत. मातीवर हिरवा थर आहे, डब्याच्या कडेला पांढरी खपली धरलीय.

कलमं अशी: ६ पेरेस्किओप्सिसवर (पानं असलेला, भराभर वाढणारा कॅक्टस), २ ड्रॅगन फ्रूटच्या ताज्या तोडलेल्या काडीवर. पेरेस्किओप्सिसची पेन्सिलीएवढी जाड खोडं घेतली, बुडापासून चार बोटं वर कापली, रोप बरोबर मधोमध ठेवलं, वर बाटली झाकली. चार कलमं तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुटून पडली, दोन धरली. ड्रॅगन फ्रूटवरची दोन्ही आठवडाभर घट्ट वाटली, मग खाली पोकळी दिसली आणि बोट लागताच निघाली.

उरलेली १८ कशी वाचवू? कलमात काय चुकलं? आणि गावाकडे कुंपणाला त्रिधारी निवडुंग भरपूर आहे, तो खुंट म्हणून, म्हणजे कलमाखालचं झाड म्हणून चालेल का?

---

मिरज_काटेरी

आधी १८ रोपांचं बघू, ते आजच करायला हवं.

मान पारदर्शक होऊन आडवं पडणं म्हणजे मर. मिरची-वांग्याच्या गादीवाफ्यावर रोपं कोलमडतात तोच रोग. पडलेलं रोप वाचत नाही. चिमट्यानं ते आणि त्याच्याभोवतीची सुपारीएवढी माती उचलून बाहेर टाका. मग डब्याच्या तळाला तापवलेल्या खिळ्यानं सात-आठ भोकं पाडा. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक लिटरला १ ग्रॅम घ्या, ताटलीत ओता आणि डबा त्यात दहा मिनिटं ठेवा, म्हणजे द्रावण खालून वर चढेल. वरून फवारू नका, थेंबांच्या माऱ्यानं एवढी लहान रोपं उपटतात. द्राक्षाच्या डाऊनीसाठी (केवडा रोगासाठी) हे औषध आपल्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. पुडीवरचं प्रमाण बागेसाठी असतं, रोपांना त्याच्या निम्म्याहून कमी द्यायचं. नुसतं कार्बेन्डाझिम घालून थांबू नका. मर आणणाऱ्यांत पिथियम नावाचा बुरशीसारखा जीव असतो आणि त्याच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही, म्हणून पुष्कळांची रोपं औषध देऊनही जातात. हातमोजे घाला.

आता कारणं. तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आल्यात.

पहिली गोष्ट झाकणाची. बंद डब्यात हवा कायम दमट असते, त्यामुळे रोपाच्या सालीवर मेणचट थर नीट धरत नाही आणि मूळही जेमतेम सेंटिमीटरभरच उतरतं. एप्रिलच्या सांगलीत झाकण एकदम काढलं की वरचा अर्धा सेंटिमीटर दुपारपर्यंत वाळतो. रोप मलूल दिसतं, आपण पाणी घालतो, आणि कमकुवत झालेल्या मानेवर उघड्या हवेतली बुरशी बसते. झाकण एकदम न काढता महिनाभरात हळूहळू काढायचं. पहिल्या आठवड्यात झाकणाला सुईची चार भोकं. दुसऱ्यात भोकं पेन्सिलीएवढी. तिसऱ्यात झाकण एका बाजूला काडी घालून उचललेलं. चौथ्यात फक्त दुपारी ११ ते ५ झाकायचं. आता तुम्ही उघडलंच आहे, तर पुन्हा घट्ट बंद करू नका. बुरशी आत शिरलेली आहे, बंद केली तर ती वाढेल. काडीवर उचललेलं झाकण ठेवून तिथून पुढे चला.

दुसरी गोष्ट माध्यमाची. निम्मं कोकोपीट ॲस्टेरियासला फार होतं. बारीक वाळू त्याच्या फटीत जाऊन बसते आणि डब्याचा तळ चिखल राहतो, तोही भोकं नसलेला. ही जात मूळची टेक्सासचा स्टार परगणा आणि मेक्सिकोतल्या तामाउलिपास, नुएवो लिऑन भागातली. तिथे ती झुडपांच्या सावलीत, खडेमिश्रित जमिनीत, जवळजवळ जमिनीच्या पातळीत बसलेली असते. पाऊस मिळतो, पण पावसामधला सुका काळही मिळतो. आपल्याला तो सुका काळ कुंडीत आणता आला पाहिजे, आणि त्यासाठी चार भागांतले तीन भाग खडा हवा.

आपल्याकडे स्वस्तात होणारं मिश्रण असं: मुरूम आणा, वाळवा, आधी गव्हाच्या चाळणीतून काढा आणि मग रव्याच्या चाळणीवर घ्या. रव्याच्या चाळणीवर जे राहतं ते साधारण एक ते तीन मिलिमीटरचं, तेच आपलं. खाली पडलेली भुकटी कुंडीत अजिबात जाता कामा नये. हा खडा बादलीत घालून पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. मुरमाला चिकणमातीचा अंश असतो आणि सहा-सात पाण्यांशिवाय तो सुटत नाही. या खड्याचे दोन भाग, एक भाग पेर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे), एक भाग चाळलेलं पानखत किंवा दोनदा धुतलेलं कोकोपीट. काळी माती चिमूटभरही नको. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगेसोबत केसासारखी मुळं तुटतात.

मिश्रण ओलसर करून, कापडी पिशवीत बांधून कुकरमध्ये, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर ३० मिनिटं. कुकर रात्रभर न उघडता थंड होऊ द्या. गरम मिश्रण उघड्यावर गार केलं की वाफेबरोबर केलेली मेहनत गेली, कारण हवेतली बुरशी रिकाम्या मातीत सगळ्यात जोमानं वाढते.

तिसरी गोष्ट बोअरचं पाणी. पांढरी खपली म्हणजे क्षार. खालून शोषलेलं पाणी वर वाळतं आणि क्षार बरोबर मानेपाशी साठतात, जिथे साल सगळ्यात पातळ असते. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात चांगलं. जूनमधले पहिले दोन-तीन पाऊस पत्र्यावरची घाण धुऊन गेल्यावर भरून ठेवा. ते नसेल तर १० लिटर बोअरच्या पाण्यात अडीच ते तीन ग्रॅम सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात ‘लिंबूफूल’ म्हणून मिळतं, सपाट अर्धा चमचा होतो. मग पट्टीनं पीएच तपासा. ६ ते ६.५ आला की थांबा. पाण्याचा जडपणा गावागणिक बदलतो, त्यामुळे पट्टीशिवाय हे करू नका. ऐन लिंबाचा रस घालू नका, त्यातल्या साखरेवर बुरशी पोसते.

लाल झालेली रोपं मेलेली नाहीत. ऊन जास्त झालं की किंवा मूळ दुखावलं की ती लाल होतात. पूर्वेचं सकाळचं ऊन बंद डब्यावर थेट पडलं तर आत भट्टी होते. दोन पदरी पांढरा कागद मध्ये लावा, दहा-बारा दिवसांत हिरवी होऊ लागतील. उलट, रोप उंच आणि टोकदार होऊ लागलं तर उजेड कमी पडतोय. ॲस्टेरियासचं निरोगी रोप बसक्या मण्यासारखं असतं. घरात वाढवत असाल तर २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब २० ते २५ सेंटिमीटर वर, रोज १४ तास.

हिरव्या थराखालचं मूळ गुदमरतं. थर टूथपिकनं खरवडून काढा आणि धुतलेल्या बारीक खड्याचा दोन मिलिमीटरचा थर रोपांच्या मधे पसरा. मानेला कोरडा आधारही मिळतो. मातीवर काळ्या बारीक माश्या उडत असतील तर तेही सांगा. त्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्ये वाढतात आणि कोवळी मुळं खातात.

पुढच्या पेरणीसाठी दोन गोष्टी. ॲस्टेरियासचं बी टोपीच्या आकाराचं, पोकळ आणि हलकं असतं. पाणी ओतलं की तरंगून एका कोपऱ्यात जमतं. म्हणून माध्यम आधी खालून भिजवायचं, मग बी वर ठेवून काडीनं निम्मं दाबायचं, मातीनं झाकायचं नाही. त्याआधी ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये १० मिनिटं. २५ ते ३२ अंशांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतं. काही रोपांचं मूळ आत न घुसता वरच आडवं पडतं. टूथपिकनं खळगा करून मूळ त्यात सोडा आणि चार खडे टेकवा. काहींच्या डोक्यावर बियाचं टरफल अडकतं. ते ओढलं तर पालवीचा बिंदूच तुटतो. पाण्याचा एक थेंब टाकून तासभर थांबा, मग सुईच्या टोकानं सरकवा.

आणि बी ताजंच घ्या. दोन-तीन वर्षं कपाटात राहिलेल्या ॲस्टेरियासच्या बियांकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. पेरणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात केली तर झाकण काढण्याचा महिना ऐन उन्हाळ्याच्या आधी पडतो आणि जूनची दमट हवा येईपर्यंत रोपाला साल धरलेली असते. तुम्ही साधारण एक-दोन आठवडे उशीर केलात.

---

वाई_खुंटकलम

वरचं सगळं पटलं. मी कलमांवर लिहितो.

त्रिधारी निवडुंग चालणार नाही, कधीच नाही. आपण निवडुंग म्हणतो त्यात दोन वेगळी कुळं मिसळलेली आहेत. त्रिधारी हा युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला. ॲस्टेरियास कॅक्टस कुळातला. कुळ वेगळं म्हणजे कलम जुळणारच नाही. ओळख सोपी आहे. खऱ्या कॅक्टसला काट्यांच्या बुडाशी लोकरीची बारीक गादी असते, युफोर्बियाला ती नसते, आणि त्याला ओरखडा काढला की पांढरा चीक भळभळतो. तो चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते, तेव्हा प्रयोग म्हणूनही कापू नका. फड्या निवडुंग मात्र कॅक्टसच आहे. त्यावर कलम धरतं, पण तो खालून सारखे फुटवे काढतो, आणि पांढऱ्या कापसासारखी कोचिनील कीड त्यावर हमखास येते. तुमच्याकडे पेरेस्किओप्सिस असताना फड्याच्या वाटेला जायची गरज नाही.

आता तुमची चार कलमं का सुटली.

कॅक्टसचं खोड आडवं कापलं की गराच्या मधोमध एक फिकट कडं दिसतं. ते रसवाहिन्यांचं कडं. खालच्या आणि वरच्या कड्याची गाठ पडली तर कलम जगतं, नाही पडली तर नुसता गर गराला चिकटतो आणि दोन-चार दिवसांत सुटतो. पेन्सिलीएवढ्या जाड पेरेस्किओप्सिसचं कडं तीन-चार मिलिमीटरचं असतं, आणि चार आठवड्यांच्या रोपाचं कडं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बरोबर मधोमध ठेवलंत म्हणजे लहान कडं मोठ्या कड्याच्या आत, कुठेही न टेकता, नुसत्या गरावर बसलं. जी दोन धरली ती ठेवताना जराशी सरकली असणार.

म्हणून दोन गोष्टी बदला. खोडाचा शेंडा घ्या, बूड घेऊ नका. शेंड्यापासून एक-दीड सेंटिमीटर खाली, जिथे देठ अजून पोपटी असतो आणि नखानं दबतो, तिथे कापा. तिथे कडंही लहान असतं. कापताना पातं करकरलं तर लाकूड झालंय, आणखी वर जा. आणि रोप मधोमध न ठेवता किंचित बाजूला ठेवा, म्हणजे त्याचं कडं खालच्या कड्यावरून आडवं जाईल.

खुंट रोपापेक्षा जास्त जोमात वाढणारा हवा, सगळं त्यावरच आहे. पेरेस्किओप्सिस दहा-पंधरा सेंटिमीटर उंच, पानं तुकतुकीत आणि शेंड्याला नवीन पान निघत असलेलं असावं. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. पंधरा दिवस आधीपासून आठवड्याला एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम. हिवाळ्यात पारा १५ च्या खाली येऊ लागला की तो थांबतो, पानं गाळतो. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी कलमं करू नका.

कृती अशी. दाढीचं नवं ब्लेड मधून मोडून घ्या. नव्या ब्लेडवर तेलाचा पातळ थर असतो, तो स्पिरिटनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओलं स्पिरिट कापावर लागलं की पेशी मरतात. खुंट एका ओढीत कापा, करवतीसारखं मागे-पुढे नको. वरची तीन-चार पानं राहू द्या. रोप माध्यमातून टूथपिकनं उचला, पाटीवर आडवं धरा आणि मूळ व मणी यांच्या मधल्या फुगीर भागात एका दाबात कापा. कापलेला भाग ओला चकचकीत दिसला पाहिजे. खुंट कापल्यापासून रोप वर बसेपर्यंत दहा सेकंदांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. तेवढा हात बसलेला नसेल तर खुंट कापल्यावर त्याचीच एक कागदासारखी पातळ चकती काढा आणि ती तशीच वर राहू द्या, रोप तयार झालं की चकती सरकवून टाका. रोप ठेवलं की ओल्या टूथपिकनं हलकं दाबून पाव फेरा फिरवा, खालची हवा निघते. दोरा, रबर काही नको. रसाच्या चिकटपणावरच एवढं लहान रोप बसतं.

झाकायला दोन लिटरची पाण्याची बाटली, तळ कापून. आतून थेंब जमून कलमावर पडत असतील तर बाटली तिरकी ठेवा, कापात पाणी शिरलं की कुजतं. सावली, २५ ते ३० अंश. चार दिवस हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी बाटलीचं बूच काढा, सातव्या दिवशी बाटली. धरलेलं कलम आठवड्याभरात टवटवीत होऊन फुगतं. न धरलेलं रोपही कधीकधी दहा दिवस हिरवं राहतं, पण ते मऊ आणि सुरकुतलेलं असतं.

ड्रॅगन फ्रूटचं वेगळं. तुम्ही तोडलेली, मुळं नसलेली काडी वापरलीत. तिला वर ढकलायला रसच नव्हता. शिवाय काप घेतल्यावर मधला गर पाणी सोडून आत बसतो, तिन्ही धारांची साल मात्र तशीच उंच राहते, आणि रोप त्या सालीवर अधांतरी उचललं जातं. तुम्हाला दिसलेली पोकळी तीच. जत, आटपाडी, खानापूर, कडेगाव भागात ड्रॅगन फ्रूटच्या बागा आहेत आणि छाटणीत निघालेल्या काड्या शेतकरी टाकूनच देतात, तेव्हा खुंटाला तोटा नाही. वीस सेंटिमीटरचा निरोगी तुकडा सावलीत पाच दिवस सुकवा, लावा, मुळं धरून नवा कोंब दिसेपर्यंत साधारण दीड महिना थांबा. त्यानंतर कापा. कापल्याबरोबर तिन्ही धारा बाहेरच्या अंगाला उतरत्या तासा, पेन्सिलीला टोक करतो तशा, म्हणजे बैठक घुमटीसारखी होते आणि गर बसला तरी रोप टेकलेलं राहतं. यावर बी-रोप नको, एक सेंटिमीटरपेक्षा मोठं रोप घ्या. शिवणाचा दोरा कुंडीखालून घेऊन कलमावर फुलीसारखे दोन वेढे, रोप हलणार नाही इतपत ताण, आठवडाभर.

---

तासगाव_द्राक्ष

एक शंका. आमच्याकडे द्राक्षात डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन जातीचं पाचर कलम भरतो. खुंटाला चीर, काडीला दोन बाजूंनी पाचर, वरून टेप. तसंच इथे केलं तर पकड जास्त घट्ट बसणार नाही का? सपाट ठेवलेलं कलम हलतं म्हणून विचारतोय.

---

वाई_खुंटकलम

द्राक्षात जोडणारा थर सालीच्या लगेच खाली असतो, त्यामुळे पाचरीची कड खुंटाच्या कडेला जुळवली की काम होतं. कॅक्टसमध्ये जोडणारं कडं गराच्या मधे असतं. चेंडूसारख्या रोपाला पाचर तासली तर ते कडं उभं कापलं जातं, दोन्हीकडे मोठ्या जखमा होतात आणि चिरेत पाणी साचतं. पाचर चपट्या, पानासारख्या कॅक्टसला चालते. नाताळच्या सुमाराला फुलणाऱ्या श्लुम्बर्गेराला ती उत्तम. गोल जातींना सपाटच.

टेप गुंडाळू नका. द्राक्षाला डोळा फुटेपर्यंत ओल धरून ठेवावी लागते, इथे जोड चार-पाच दिवसांत होतो आणि टेपखालची ओल कुजवते. घट्टपणासाठी दोराच बरा. तुमचा खुंट निवडायचा हात मात्र इथे फार कामाचा आहे. रसरशीत काडी आणि थांबलेली काडी तुम्हाला बघताक्षणी कळते, नव्या माणसाला तेच सगळ्यात उशिरा कळतं.

---

कोरेगाव_बीजधारी

बियांबद्दल थोडं. ॲस्टेरियास स्वतःच्या परागानं बी धरत नाही. दोन वेगळ्या बियांपासून आलेली झाडं एकाच वेळी फुललेली हवीत. एकाच झाडाची दोन कलमं केली आणि त्यांचा संकर केला तर काही मिळत नाही, कारण ते एकच झाड. फूल दुपारी उमलतं, दोन-तीन दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी ११ ते ३ च्या दरम्यान कोरड्या मऊ ब्रशनं पराग न्यायचा. फळ महिना-दीड महिन्यात पिकतं आणि बुडाशी फुटतं. मुंग्या बी पळवतात, म्हणून फळाला मलमलीची पुरचुंडी बांधा. शेजारी मायरियोस्टिग्मा किंवा कॅप्रिकॉर्नी या ॲस्ट्रोफायटमच्याच दुसऱ्या जाती फुललेल्या असतील तर संकर होतो, अस्सल ॲस्टेरियास हवं असेल तर फुलं झाकून ठेवा आणि परागणाची तारीख-जोडी चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी नसलेलं बी वाटू नये.

हे आग्रहानं लिहितोय, कारण ही जात १९८७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे बाहेरून रोप काय, बी मागवायचं तरी परवाने लागतात. भारतात २०२२ च्या दुरुस्तीनं साइट्समधल्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्यातही आल्या. टपालानं पाकिटात लपवून येणारं स्वस्त बी घेऊ नका. त्यातलं काही रानातून ओरबाडलेलं असतं. १८४५ साली वर्णन झालेली ही जात पुढे जवळजवळ हरवली आणि फ्रिच या चेक संग्राहकाला १९२३ साली ती पुन्हा सापडली. इतकी थोडी आणि इतक्या लहान भागात उरलेली झाडं आहेत ती. आपल्या गच्चीवर दोन जोड्या फुलल्या तर वर्षभर पुरेल एवढं बी इथेच तयार होतं.

सातारा-वाई-पाटणकडच्या वाचकांसाठी: जुलैत आठवडे-आठवडे झिमझिम चालते तेव्हा स्वतःच्या मुळांवरच्या ॲस्टेरियासला पाणी पूर्ण बंद, वर पारदर्शक पत्रा आणि लहान पंखा. माणदेशात हा त्रास नाही, तिथे एप्रिल-मेमध्ये ५० टक्के शेडनेट लागतं.

---

विश्रामबाग_गच्ची

सगळ्यांचे मनापासून आभार. भोकं पाडली, औषध दिलं, मुरूम चाळायला घेतलाय. माती खरवडताना काळ्या बारीक माश्या दिसल्या. आणि एक विचारायचं राहिलं: जी दोन कलमं धरलीत ती पेरेस्किओप्सिसवर किती दिवस ठेवायची? ती नंतर स्वतःच्या मुळांवर आणता येतात का?

---

मिरज_काटेरी

माश्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा. बागायतीच्या दुकानात मिळतात, चार बोटांचा तुकडा डब्याजवळ पुरे. अळ्यांसाठी बीटीआय, म्हणजे डासांच्या अळ्यांवर वापरतात ते जिवाणू, पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून खालून द्या. मूळ उपाय वरचा थर सतत ओला न ठेवणं हाच आहे.

---

वाई_खुंटकलम

पेरेस्किओप्सिसवर ॲस्टेरियास सहा ते आठ महिन्यांत साधारण तीन सेंटिमीटरचं होतं. वर्ष-दीड वर्षात फूलही येऊ शकतं. स्वतःच्या मुळांवर त्याला चार-पाच वर्षं लागतात. या वेगात खत जरा जास्त झालं किंवा कोरड्या आठवड्यानंतर एकदम भरपूर पाणी दिलं की ते धारेवर तडकतं, आणि तो व्रण जात नाही. पाणी थोडं आणि नियमित द्या, नत्र कमी. १३:४०:१३ लिटरला पाऊण ग्रॅम, महिन्यातून एकदा. धरलेल्या कलमाखाली खुंटाला फुटवे येतील ते खुडत राहा, पानं मात्र काढू नका. लाल कोळी पेरेस्किओप्सिसवर आधी बसतो, पानांची खालची बाजू दर आठवड्याला बघा.

तीन सेंटिमीटरच्या पुढे पेरेस्किओप्सिसला वजन पेलत नाही. तिथे दोन रस्ते आहेत. जाड खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या ड्रॅगन फ्रूटवर किंवा मिर्टिलोवर (मिर्टिलोकॅक्टस, खांबासारखा जाड कॅक्टस) पुन्हा कलम. ड्रॅगन फ्रूट चार वर्षांत बहुतेक वेळा थकतं, मिर्टिलो जास्त टिकतं. किंवा स्वतःच्या मुळांवर आणायचं. हे ॲस्टेरियासला जड जातं, तेव्हा दोन्ही झाडं एकदम काढू नका, एकच काढा.

फेब्रुवारीच्या शेवटी, पाणी दहा दिवस तोडून, खुंटासकट अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. मग झाड उलटं करून त्या तुकड्याचा मधला लाकडी दांडा चिमट्यानं ओढून काढा. तो राहिला तर कापाच्या मधोमध कुजायला सुरुवात होते, आणि वरून झाड महिनाभर ठणठणीत दिसत राहतं. पोकळीत आयबीएची मुळं फुटायची पावडर दाबा. रिकाम्या चहाच्या कपावर झाड पालथं न ठेवता सरळ बसवा, काप खाली आणि हवेत, सावलीत दोन आठवडे. काप नखानं वाजवला तर कोरडा टणक आवाज आला पाहिजे. मग फक्त धुतलेल्या कोरड्या खड्यावर टेकवा, पुरू नका. दहा दिवसांनी कुंडीच्या कडेनं दोन चमचे पाणी, त्यानंतर दर आठवड्याला तेवढंच. झाड आक्रसून मातीलगत बसेल, ते तसं होऊ द्या. तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही मूळ निघतं. उचलून बघू नका. बोटानं हलकं ढकलल्यावर झाड परत जागेवर आलं की मूळ धरलं, तेव्हा पहिलं पूर्ण पाणी द्या.